दादाच्या आजाराचं खरं नाव

माझा मोठा भाऊ दारू पीत नव्हता. हे एवढं वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. आता आमच्या वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक आहे, माझ्या वहिनीला ठाऊक आहे, पुतण्याला ठाऊक आहे. तरी कागदावर आलेलं बरं. कारण उलटं सांगणारा पहिला माणूस मीच होतो.

दादा शिक्षक होता. आमचं गाव सोनपेठला चालत जाता येईल एवढ्यावर, आणि त्याची नेमणूक मात्र जिंतूर तालुक्यातल्या बोरीला. सत्तरच्या दशकातल्या गाड्या धरून तिथं पोचायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. म्हणून तो बोरीत खोली घेऊन राहायचा. शनिवारी अर्धी शाळा सुटली की निघायचा, परभणीला गाडी बदलून दिवे लागायच्या सुमाराला घरी यायचा आणि रविवारी दुपारून परत. घरी वहिनी, त्यांचा लहान मुलगा आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती. तिचं पोट फुगलं होतं, लोक म्हणाले पोटात पाणी झालं, आणि विषय तिथंच संपला होता. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. मला मॅट्रिकपर्यंत ढकलत नेलं ते दादानं, आणि सोनपेठच्या सोसायटीत कारकून म्हणून चिकटवलं तेही त्यानंच.

रविवारी सकाळी विहारात वंदना दादा घ्यायचा. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, त्याला सगळ्यात जवळचं होतं. पण तो त्यावर भाषण करीत नसे. वस्तीतला एक म्हातारा रोज पिऊन पडायचा. दादा त्याला म्हणाला होता, "एक आठवडा सोडून बघा. नाही जमलं तर पुढच्या रविवारी या आणि सगळ्यांसमोर मला शिवी द्या. जमलं, तरी या आणि शिवी द्या. तेवढंच तुमच्या जिवाला बरं वाटेल."

म्हातारा खरंच यायचा. वंदना झाली की उभा राहायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, तुमच्या आयला, ह्या आठवड्यात बी न्हाई पेलो." सगळं अंगण हसायचं. दादा हात जोडायचा. असं करत करत म्हाताऱ्याची सुटली, आणि त्याचं बघून आणखी काही जणांनी सोडली. शिवी द्यायला मिळते म्हणून दारू सोडणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितली नाहीत.

दादा पस्तिशीचा असेल तेव्हा त्याचे सदरे ढिले पडायला लागले. जेवण कमी झालं. उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायची त्याला सवय लागली. आम्हाला वाटलं, बोरीत हातानं करून खातो, धड खात नसेल. मग एका शनिवारी तो आला तेव्हा डोळे पिवळे होते आणि धोतराची गाठ पोटाच्या खाली बांधलेली होती. परभणीच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि औरंगाबादला न्यायला सांगितलं.

तेव्हा औरंगाबादला लहान रुळांची गाडी जायची. दादा खिडकीशी बसला आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक स्टेशनचं नाव मुलांकडून वाचून घेतल्यासारखं मोठ्यानं वाचत गेला. मला हसू येत होतं आणि त्याच्या पोटाकडं बघवत नव्हतं.

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या पोटातलं पाणी काढलं, सुई घालून आतला बारीक तुकडा काढला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "पिता का?"

"न्हाई," दादा म्हणाला, "सोडवतो."

डॉक्टर हसले. नंतर त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. तेव्हाची रीतच तशी होती, रोग्याला सांगायचं नाही, नातेवाइकाला सांगायचं. लिव्हरचा कॅन्सर आहे, ते म्हणाले, फार पुढं गेला आहे, घरी न्या आणि जपा. मी विचारलं, दारू न पिता लिव्हर कसं खराब झालं? ते म्हणाले, न पिणाऱ्यांनाही होतो कधीकधी, का होतो ते आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही.

मग मी खालच्या आवाजात विचारलं, "हे लागट असतंय का?"

"कॅन्सर लागट नसतो. एका ताटात जेवा. काही होत नाही."

ते खरं सांगत होते. माझा विश्वास बसला नाही.

का बसला नाही, ते सांगायला हवं. आमच्याकडं तेव्हा कॅन्सर हा शब्द कुणी घरात उच्चारत नसे. शेजारच्या गावात एका बाईला तोंडाचा कॅन्सर झाला होता. तिच्या दारावरून लोक नाकाला पदर लावून जायचे. ती गेल्यावर तिची भांडी नदीत टाकली. आणि आम्ही तर बौद्ध वस्तीतली माणसं. वडिलांनी विहिरीपासून लांब उभं राहून, कुणीतरी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेतलेलं होतं. दादा बोरीच्या शाळेत माठातलं पाणी आपल्या हातानं घेऊन पितो याचं आम्हाला केवढं अप्रूप. त्या व्हरांड्यात माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. गाव आम्हाला आता कुठं शिवायला लागलं आहे, आणि आता आमचीच माणसं आम्हाला शिवायची नाहीत.

शिवाय दुसरी गोष्टही होती, तीही लपवत नाही. गंगाखेडच्या बाजूला माझी सोयरीक जुळत आली होती. ज्या घरात कॅन्सर, त्या घरात पोरगी कोण देणार?

दादाला दवाखान्यात ठेवून मी कपडे आणायला गावी आलो. सोनपेठच्या स्टँडवर उतरलो तर समोर तोच म्हातारा. बाजाराचा दिवस होता, त्याच्या डोक्यावर मिरच्यांचं गठुडं.

"पोरा, गुरुजी कसं हायेत?"

"बरं न्हाई. लिव्हर खराब झालंय."

त्यानं गठुडं खाली ठेवलं. "लिव्हर? ते तर पेणाऱ्याचं जातंय."

मला त्या वेळी काहीही म्हणता आलं असतं. आजार आहे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "बोरीला एकटं राहायचं म्हणल्यावर... काय सांगावं, बाबा."

बस. एवढंच. पूर्ण खोटंसुद्धा मी बोललो नाही. माझ्या तोंडून शब्द गेले आणि मला हायसं वाटलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. दारू म्हणजे गावात रोजचीच गोष्ट. दारुड्याच्या घरचं पाणी कुणी सोडत नाही. दारुड्याच्या भावाला पोरगी मिळते.

दादा घरी आला तोवर वस्तीला सगळं कळून चुकलं होतं. रविवारी त्याला विहारात जाता आलं नाही, म्हणून वंदना झाल्यावर म्हातारा आमच्या दारात आला. दादा ओट्यावर गोधडी पांघरून बसला होता. म्हाताऱ्याला पाहून त्याचा चेहरा खुलला. "या बाबा. द्या शिवी."

"ह्या आठवड्याला शिवी आणली न्हाई, गुरुजी," म्हातारा म्हणाला. "आमाला शील शिकवलं, अन् बोरीला जाऊन तुमी... तुमची तुमीच घ्या आता." आणि तो निघून गेला.

दादा कितीतरी वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिला. मग त्यानं मला हाक मारली.

"काय म्हणायलाय ते म्हातारं?"

मी ओट्याखालच्या चपला सारख्या करायला लागलो.

"तू काय सांगितलास?"

मी सांगितलं. आणि स्वतःला वाचवायच्या घाईत पुढंही बोलून गेलो, "कॅन्सर म्हणालो असतो तर उंबऱ्याला पाय लावला असता का कुणी?"

त्याच्या आजाराचं नाव दादाला असं कळलं. मी ते माझ्या बचावासाठी वापरलं तेव्हा.

तो गोधडीचा एक धागा ओढत राहिला. मग अचानक हसायलाच लागला. "अरं मग एक डाव चाखून तरी बघायला पायजे हुती की रं! फुकट बदनाम झालो." हसता हसता पोटात कळ आली आणि तो वाकला. मी धरायला गेलो तर म्हणाला, "राहू दे. तुझ्या वहिनीला तेवढं सांग. कॅन्सरचं सांगू नको पायजे तर. दारूचं खोटं हाय, एवढं सांग."

मी हो म्हणालो.

मी सांगायच्या आधी त्यानंच सांगितलं. वहिनी त्याला कण्या भरवत होत्या. मी दारात उभा होतो. दादा म्हणाला, "मी पेत न्हाई गं. कव्हाच पेलो न्हाई."

वहिनी ओठ घट्ट करून कण्यांत चमचा फिरवत राहिल्या. त्या काय विचार करत होत्या ते मला समजत होतं. शनिवार-रविवार सोडला तर नवरा बोरीत काय करतो हे त्यांना कधी बघायला मिळालं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आता राहू द्या. एकटं असलं की माणूस चुकतंय. मी काय म्हणायलेय का तुमाला? मी माफ केलंय."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मी तांब्या उचलला आणि पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो.

तो गेला तेव्हा ज्वारी काढणीला आली होती. माझी सोयरीक मोडली नाही. लग्नानंतर मी बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जाऊबाईला सांगा." उद्या सांगू, जयंती झाल्यावर सांगू, पोराची परीक्षा झाल्यावर सांगू, असं करत राहिलो. बायको गेली, तरी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं पुन्हा दारू धरली. पत्र्याच्या विहाराच्या जागी सिमेंटचा विहार झाला. वहिनींना शाळेत शिपायाची नोकरी मिळाली, त्या पै पै जोडून पोराला वाढवत राहिल्या.

पुतण्या गुणाचा निघाला. सोनपेठला त्यानं मोटारी भरायचं दुकान टाकलं, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत, पंख्यांत नवी तार गुंडाळून द्यायचं. लग्न झालं, दोन लेकरं झाली. त्यानं दारूला कधी हात लावला नाही, आणि बापाचं नावही कधी घेतलं नाही. कुणी कौतुकानं "गुरुजींचा पोरगा" म्हणालं की तो पान्हा शोधायच्या निमित्तानं खाली वाकायचा. दुकानात बुद्धाची तसबीर होती. बापाची नव्हती.

एका एप्रिलात जयंतीला वस्तीच्या पोरांनी रक्तदानाचं शिबिर ठेवलं. पुतण्यानंही रक्त दिलं. काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला बोलावणं आलं. तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू आहे, म्हणाले, पोटाच्या डॉक्टरला दाखवा. त्याला कधी कावीळ झाल्याचं आम्हाला आठवत नव्हतं. माणूस धडधाकट, मोटार एकट्यानं उचलणारा. परभणीला दाखवायला गेलो ते तिघं, तो, वहिनी आणि मी.

डॉक्टर बाई चाळिशीच्या, शांत बोलणाऱ्या. पुतण्याला तपासलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली. मग विचारलं, "घरात कुणाला यकृताचा आजार होता?"

पुतण्या टेबलाकडं बघत म्हणाला, "वडलाला. ते दारूनं गेले."

वहिनी पदराशी चाळा करत होत्या.

डॉक्टर म्हणाल्या, "दारूनं असेल तर ते वेगळं. तुमची तब्येत चांगली आहे. रक्ताची एक तपासणी करून ठेवू. सध्या औषध नको. वर्षभरानं या."

पुतण्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तो खुर्चीवरून उठलासुद्धा. वर्षभरानं या. मलाही उठता आलं असतं. आम्ही चहा पिऊन गाडीला लागलो असतो. पण "ते वेगळं" हे त्यांचे शब्द माझ्या कानात अडकले. म्हणजे दारूनं नसेल तर हे तेच होतं. जे दादाच्या पोटात होतं.

"बाई," मी म्हणालो, "ते दारूनं गेले न्हाईत. त्यांना लिव्हरचा कॅन्सर झाला होता. औरंगाबादला तपासलं होतं. त्यांनी आयुष्यात कधी दारू पेली नाही. दारूचं मी सांगितलं होतं लोकांना."

पुतण्या माझ्याकडं वळला. वहिनी मात्र वळल्या नाहीत.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा," त्या पुतण्याला म्हणाल्या. "आता सगळं नीट सांगा. ते किती वर्षांचे होते? त्यांच्या आईला काय झालं होतं?"

आईचं पोट. मी तेही सांगितलं. सांगता सांगता माझंच मला कळत गेलं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. हा विषाणू रक्तातून जातो. आईकडून बाळाला, उकळून न घेतलेल्या सुईतून, दाढीच्या वस्तऱ्यातून, घरातल्या लहान लेकरांना जखमेतून. मोठ्या माणसात शिरला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलून देतं. पण तान्हेपणी किंवा अगदी लहानपणी शिरला तर तो यकृतात घर करून बसतो आणि वर्षानुवर्षं ओळख देत नाही. आत मात्र काम चालू असतं. यकृतातल्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या होतात, त्याही मरतात, पुन्हा नव्या. विषाणूचा अंश पेशीच्या आत, तिच्या मूळ रचनेतही शिरतो. असं चालता चालता एखादी पेशी बिघडते आणि थांबायचं विसरते. तो कॅन्सर. मला शेतातले नांगे आठवले. उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोचायचं, मर झाली की पुन्हा टोचायचं. एवढ्यांदा टोचताना कधीतरी भलतंच बी हातून पडणार.

"सगळ्यांना होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांच्यात हा विषाणू राहतो त्यांतल्या काहींनाच होतो. बायकांच्या गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सरही असाच एका वेगळ्या विषाणूमुळं होतो. पण वडिलांना झाला असेल तर मुलाला धोका जास्त. याची सोनोग्राफी वर्षानं नाही, याच आठवड्यात करायची. आणि घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं. लेकरांना लस द्यायची."

मी माझा जुना प्रश्न विचारला. "हे लागट असतंय का?"

"कॅन्सर नाही. विषाणू लागतो, पण रक्तातून. पाण्यानं, ताटानं, शिवण्यानं नाही."

पाण्यानं नाही. म्हणजे मी जे वाचवायला खोटं बोललो होतो, त्याला कधी धोकाच नव्हता. आणि खरा धोका त्या खोट्याखाली इतकी वर्षं लपून राहिला होता.

बाहेर लिंबाखाली बाकडं होतं. पुतण्या आत रक्त द्यायला थांबला. वहिनी बसल्या, मी उभाच. मला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "मी त्यांला माफ केलं हुतं. जे केलंच न्हाई, त्याची माफी. काय वाटलं असंल हो त्यांला?"

मी लिंबाच्या खोडाला हात टेकवला.

"मला दारूचा वास कव्हा आला न्हाई. एक डाव बी. तरी मी तुमच्यावर इस्वास ठिवला अन् त्यांच्यावर न्हाई." मग पदर खोचून त्या म्हणाल्या, "पौर्णिमेला विहारात सांगायचं. समद्यांसमोर. तुमीच सांगायचं. तोवर माझ्याशी बोलू नका."

सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा बंद होतं, म्हणून तारीख पौर्णिमेनंतरची मिळाली. ते मधले दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पुतण्या माझ्याशी बोलायचा, कामापुरतं. एकदाच दुकानात आपण होऊन म्हणाला, "काका, बाबा पेत न्हवते, हे मला आधी कळलं असतं तर मी किती येगळा वाढलो असतो, तुमाला काय सांगू." त्याच्या आवाजात राग होता, पण त्याच्या हातात दादाचा जुना फोटो होता. काच बसवायला तो आणलेला होता.

वैशाखी पौर्णिमेला विहार भरला होता. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं, स्टँडवरच्या त्या वाक्यासकट. आता कोण काय म्हणेल, कोण उठून जाईल. निम्म्या पोरांना तर दादा माहीतच नव्हता. ती एकमेकांकडं बघत होती, हे म्हातारं कशाबद्दल बोलायलंय म्हणून. वहिनी पुढच्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

शिव्या देणारा म्हातारा कधीच गेला होता. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, कानानं जरा कमी. शेजारणीनं तिला मोठ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. मी तिच्या पायाशी बसलो. म्हणालो, "आजी, बाबांनी माझ्यामुळं पुन्हा धरली."

"तुझ्यामुळं?" ती म्हणाली. "आरं, त्याला निमित्त पायजे हुतं. तू सापडलास. तू न्हाई तर पाऊस सापडला असता." विहारात हशा पिकला. मग ती म्हणाली, "गुरुजी पेत हुता, असं मला कव्हाच वाटलं न्हाई. पेणारा मी घरात ठिवलेला. मला वळखू येत न्हाई व्हय?"

मागून एक तरुण पोरगी, कडेवर लेकरू, उभी राहिली. तिनं विचारलं, "ती तपासणी कुठं करायची? आमच्या सासऱ्याचं बी पोट फुगलं हुतं." मग आणखी एकानं विचारलं, मग आणखी एकानं. मी उत्तरं देत राहिलो. मला रागावायला कुणाला सवडच मिळाली नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी मी त्यांच्यामागून गेलो. वहिनींनी या म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत पुतण्या पाठीवर पडला. डॉक्टरांनी पोटाला चिकट औषध लावून यंत्र फिरवायला सुरुवात केली. उजव्या बरगडीखाली ते थांबलं. पुन्हा फिरलं, पुन्हा तिथंच थांबलं. दादा जिथं हात दाबून बसायचा ती जागा मी बघत होतो. पडद्यावरचं मला काही कळत नव्हतं. तो सगळाच करड्या ढगांचा होता.

"श्वास घ्या. धरा. सोडा."

मीही घेत होतो, धरत होतो, सोडत होतो.

"यकृत थोडं खरबरीत झालंय," शेवटी आवाज आला. "पण गाठ नाही. कुठंच नाही."

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. विषाणू बराच वाढला आहे, म्हणाल्या, पण आजच गोळी सुरू करू. रोज एक. दर सहा महिन्यांनी हीच तपासणी. लेकरांचं आणि सुनेचं रक्त चांगलं निघालं आहे, त्यांना लस. वहिनींचं आणि माझंही चांगलं होतं. मी कसा सुटलो, विचारलं, तर त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही. "वेळेत आलात," त्या पुतण्याला म्हणाल्या. "वर्षानं आला असतात तर मला एवढं हसता आलं असतं का, माहीत नाही."

पुतण्या गोळ्या आणायला गेला. वहिनी बाकड्यावर बसल्या. मी जरा लांब, उन्हात उभा राहिलो. त्या काही वेळ माझ्याकडं बघत होत्या.

"भाऊजी, सावलीला बसा की. तुमाला काय झालं तर पुन्हा आमालाच दवाखाना."

मी बसलो. थोड्या वेळानं बघतो तर त्यांचं डोकं भिंतीला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. गाढ झोप. त्या कित्येक दिवस झोपल्या नव्हत्या, सून सांगत होती. पदर खांद्यावरून घसरला होता. तो सारखा करावा असं वाटलं, पण जाग येईल म्हणून हात लावला नाही.

पुतण्या गोळ्यांची पिशवी घेऊन आला आणि घड्याळ बघून म्हणाला, "काका, सोनपेठची गाडी निघाली की. उठवू का आईला?"

"नको," मी म्हणालो. "दुसरी गाडी हाय. झोपू दे त्यांना."

तो माझ्या शेजारी बसला, आणि आम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघत राहिलो.